डरकाळी दोन पट्ट्या खाली

"त्या कपाटातली काचेची भांडी आत्ताच खाली काढून ठेव," डरकाळीनं बायकोला फर्मान सोडलं. "हे गाणं बाहेर आलं की कुणाच्या घरी काच म्हणून शिल्लक राहणार नाही!"

"बरं झालं, पुसायचा त्रास वाचला," वहिनी म्हणाल्या, आणि हातातलं फडकं त्यांनी खरंच बाजूला ठेवलं.

डरकाळी हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. तरुणपणी तो रॉक बँडमध्ये गायचा. गायचा म्हणजे काय, ओरडायचाच! पण असा सुरात ओरडायचा की पहिल्या रांगेतल्या पोरांचे केस मागे जायचे. तेव्हापासून लोक त्याला डरकाळी म्हणायला लागले, ते आता केस राहिले नाहीत तरी म्हणतात. आणि त्याच्या बायकोला सगळे वादक वहिनी म्हणतात, म्हणून आपणही वहिनीच म्हणू.

त्या काळी शहरात दोन बँड होते. एक डरकाळीचा आणि दुसरा बिजलीचा. बिजली म्हणजे गिटारवाला. त्याची बोटं इतक्या वेगानं पळायची की लोकांना वाटायचं, एखादं बोट जास्त असावं. या दोन बँडांचं आपसात असं काही होतं की एक समोरून आला तर दुसरा रस्ता ओलांडून पलीकडे जायचा, मग पलीकडे चिखल का असेना!

आणि आता एका कंपनीला सुचलं, की दोन्ही बँडांतले दिग्गज एकत्र आणायचे आणि एक खवळलेलं, अंगावर धावून येणारं नवंकोरं गाणं करायचं. कंपनीनं 'दिग्गज' हाच शब्द वापरला. म्हणजे 'म्हातारे' हे सगळ्यांना बरोबर कळलं.

डरकाळीच्या बाजूनं डॉक्टर आला. तो ड्रम वाजवतो आणि पोटासाठी दात काढतो. दोन्ही कामांत सारखाच जोर लावतो, असं त्याचे पेशंट सांगतात. बिजलीच्या बाजूनं आला मौनी, बेस गिटारवाला. हा माणूस इतका कमी बोलतो की लग्नात संमती विचारली तेव्हाही त्यानं नुसती मान हलवली होती.

गाणं झकास जमलं होतं!

"गप्प बस म्हणता? बसणार नाही!
वाट सोड म्हणता? सोडणार नाही!"

अशा एकामागून एक नाह्या आणि शेवटी एकच लांबलचक, वर वर चढत आभाळाला भोक पाडणारी "नाऽऽऽही!"

या शेवटच्या नाहीतच सगळी गोम होती. सरावाच्या वेळी गाणं तिथपर्यंत आलं की डरकाळी हात वर करून थांबायचा. "हा सूर मी रेकॉर्डिंगसाठी राखून ठेवलाय," म्हणायचा. पाहुण्यांसाठी चांगली कपबशी राखून ठेवावी तसा! बाकीचे मान डोलवायचे. बिजली चष्मा पुसायचा. डॉक्टर ड्रमच्या काड्या न्याहाळायचा. मौनी तर काय, गप्पच.

पण भिंतीपलीकडच्या बायकोपासून काय लपणार?

एका सकाळी डरकाळी न्हाणीघरात गेला, नळ पूर्ण सोडला आणि नळाच्या आडोशानं त्यानं ती नाही लावून पाहिली. वहिनी बाहेर कपडे वाळत घालत होत्या. सूर वर गेला, अजून वर गेला आणि जुन्या चादरीसारखा टर्रकन फाटला. थोड्या वेळानं पुन्हा लागला, पुन्हा फाटला. मग नुसताच नळ वाहत राहिला.

डरकाळी बाहेर आला तो टॉवेलनं कितीतरी वेळ तोंडच पुसत राहिला. "नळ फार आवाज करतोय," टॉवेलमधूनच म्हणाला. "प्लंबर बोलवायला हवा."

"बोलवू," वहिनी म्हणाल्या.

हे आधी एकदा झालं होतं. मागल्या वर्षी एका कार्यक्रमात भर स्टेजवर त्याचा आवाज असाच फाटला. घरी येऊन त्यानं आपला माइक पाना-पकडीच्या खणात टाकला आणि त्यानंतर घरात गाणं नाही, गुणगुणणं नाही, भाजी निवडताना टेबलावर ठेका धरणंसुद्धा नाही! नवरा ओरडतो म्हणून जिनं अर्धा जन्म कटकट केली त्या बाईला शांततेनं झोप येईना. या गाण्यासाठी बोलावणं आलं तेव्हा कुठे माइक खणातून बाहेर निघाला. आणि तोंडानं फुशारक्या चालल्या असल्या तरी काच पुसता पुसता त्यानं एकदा हळूच सांगूनही टाकलं होतं, "हा सूर लागला तर लागला. नाही लागला तर मी गाणं सोडलं. कायमचं."

वहिनींनी पदर खोचला आणि थेट शत्रूच्या गोटात गेल्या. बिजलीचं गिटारी दुरुस्त करायचं दुकान होतं.

"भावोजी, एक काम आहे. पण ह्यांना कळता कामा नये."

बिजलीनं हातातली गिटार खाली ठेवली. "बोला वहिनी."

"ते गाणं जरा खालच्या पट्टीत नाही का वाजवता येणार? ह्यांना न कळता?"

आता, तीस वर्षांच्या वैऱ्याच्या बायकोनं दुकानात येऊन असं विचारल्यावर दुसरा एखादा मनातून नाचला असता. बिजलीही एक क्षण नाचला. पण मग त्यानं चष्मा काढला, पुसला आणि म्हणाला, "तारा एक पट्टी उतरवतो. ऐनवेळी. त्याला पत्ता लागणार नाही. आणि मी कुणाजवळ बोलणार नाही, अगदी मौनीजवळसुद्धा नाही. माझा शब्द!"

वहिनी हलक्या मनानं घरी गेल्या. त्यांना बिचारीला काय ठाऊक, की त्याच संध्याकाळी डरकाळी मौनीच्या दारात उभा होता!

मौनीच का? कारण मौनीला सांगणं म्हणजे खोल विहिरीत सांगणं. "हे बघ," डरकाळी इकडेतिकडे बघत कुजबुजला, "तो वरचा सूर... म्हणजे लागतो तसा, पण उगाच ताण कशाला? तू बघ ना कसं ते. दोन पट्ट्या खाली येऊ दे. पण कुणाला एक शब्द बोलायचं नाही. बिजलीला तर नाहीच नाही! घे शपथ."

मौनीनं मान हलवली. आता, कुणालाही न सांगता सगळं गाणं खाली कसं आणायचं, हा प्रश्न तुम्हाला-मला पडला असता. मौनीला पडला नाही. त्यानं आपल्यापुरत्या दोन पट्ट्या खाली यायचं ठरवलं आणि शांतपणे झोपी गेला.

राहिला डॉक्टर. त्यानंच नुकतीच डरकाळीला खालची कवळी बसवली होती. ती अजून हिरड्यांवर रुळली नव्हती. सफरचंद चावायचं नाही असं बजावलं होतं, आणि इथे हा माणूस एका दमात इतक्या नाह्या फेकणार! डॉक्टरला झोपेतसुद्धा दिसायचं, की कवळी उडाली आणि काचेवर आपटली. पण पेशंटची गोष्ट चारचौघांत कशी सांगायची? त्यानं मनाशी ठरवलं, आपण लय थोडी संथ ठेवू. जबड्याला उसंत मिळेल.

म्हणजे बघा हं! तिघांनीही आपापला शब्द पाळायचा ठरवला होता. या मंडळींच्या सबंध कारकिर्दीत असं पहिल्यांदाच घडत होतं आणि नेमकं तेच नडलं.

रेकॉर्डिंगचा दिवस उजाडला.

स्टुडिओत प्रत्येकाला वेगळ्या काचेच्या खोलीत बसवलं होतं, दुकानात खेळणी मांडावीत तसं. कानाला हेडफोन. पूर्वी सगळे एकत्र बसून, एकमेकांचं ऐकून तारा लावायचे. आता ज्याच्या त्याच्या गिटारीला चिमट्याएवढं यंत्र! त्याकडे बघायचं, पिळायचं, हिरवा दिवा लागला की झालं. बिजलीनं आपल्या खोलीत एक पट्टी उतरवली. मौनीनं आपल्या खोलीत दोन. दोघांचेही दिवे हिरवेगार!

वहिनी गरम पाण्याचा थर्मास घेऊन रेकॉर्डिंगवाल्यांच्या खोलीत बसल्या होत्या. रेकॉर्डिंगवाले म्हणजे पोक्त, सुस्त गृहस्थ. समोर बटणांचं भलंमोठं टेबल, बाजूला बिस्किटांचा पुडा.

"सुरू!" ते म्हणाले.

आणि सुरू झालं!

काय सांगू! दोन ट्रक एका बोळात समोरासमोर घुसावेत आणि दोघांनीही हॉर्नवरचा हात काढू नये, तसा आवाज झाला. त्यात मागून डॉक्टरचे ड्रम, जेवण जास्त झालेल्या माणसानं जिना चढावा तसे. धप्प... धप्प... धप्प.

रेकॉर्डिंगवाल्यांच्या हातातलं बिस्किट चहात बुडालं ते वर आलंच नाही. "थांबा, थांबा! सुराचं काहीतरी..."

"माझंच चुकलं!" बिजली घाईघाईनं म्हणाला.

मौनीनं हात वर केला, म्हणजे आपलं चुकलं.

"नाही, माझंच!" डरकाळी म्हणाला. त्याला तर दरदरून घाम फुटला होता. मौनी खाली आलाय हे त्याला कळत होतं, पण बिजली त्याच्या वर कसा? आता बिजली विचारणार, मौनी खाली का? मग सगळं बाहेर येणार! त्यानं ठरवलं, आपण दोघांच्या मधला कुठलातरी सूर धरावा.

"हे तुमच्या पिढीचं असंच असतं का?" रेकॉर्डिंगवाल्यांनी वहिनींना हळूच विचारलं. "म्हणजे मुद्दाम?"

वहिनी कपाळाला हात लावून बसल्या.

पुन्हा घ्यायचं ठरलं. मधल्या वेळात बिजलीनं डोकं चालवलं. मौनी आपल्यापेक्षा एक पट्टी खाली आहे. का आहे देव जाणे, पण आहे! तेव्हा आपण अजून एक उतरावं. तो गुपचूप उतरला. इकडे मौनीनंही ओळखलं, की बिजली आपल्यापेक्षा एक वर आहे. तेव्हा आपण एक चढावं. तो गुपचूप चढला.

अरुंद जिन्यात दोघं समोरासमोर येतात, वाट द्यायला हा बाजूला होतो आणि तोही नेमका त्याच बाजूला होतो, तसं झालं! पुन्हा ट्रक. पुन्हा हॉर्न. फक्त आता याचा हॉर्न त्याला आणि त्याचा याला!

"माझंच चुकलं!" परत सगळे एका सुरात. दिवसभरात तेवढंच काय ते एका सुरात.

तिसऱ्या वेळी दोघंही शहाणपणानं आपापल्या पहिल्या जागी परतले, हा एक पट्टी खाली आणि तो दोन. डरकाळी मधेच कुठेतरी लोंबकळत होता. शेवटची नाही जवळ आली की त्याला खोकला यायचा. आणि डॉक्टर दर खेपेला कवळीच्या काळजीनं आणखी संथ होत चालला होता. खवळलेलं गाणं आता एखाद्या वयस्क म्हशीनं रस्ता ओलांडावा तसं चाललं होतं.

काचेतून वहिनींना नवऱ्याचं तोंड दिसत होतं. टॉवेलमागचं ते तोंड आज उघड्यावर होतं. त्यांच्यानं बघवेना. थर्मास उघडून घोटभर पाणी प्यायल्या, तो दिसेल तिथे टेबलावर टेकवला आणि रेकॉर्डिंगवाल्यांकडे वळल्या.

"तुम्हाला म्हणून सांगते हो, कुणाजवळ बोलू नका. ह्यांना तो वरचा सूर आता लागत नाही. मी न्हाणीघराबाहेरून ऐकलंय. मीच बिजली भावोजींना सांगितलं, गुपचूप पट्टी उतरवा म्हणून. पण हे असं का होतंय ते मला कळेना! ह्यांना समजलं ना, तर हे पुन्हा तोंड उघडायचे नाहीत. आणि मला घरात ती शांतता परत नकोय हो."

रेकॉर्डिंगवाले थर्मासकडे बघत होते.

"वहिनी," ते खोल आवाजात म्हणाले, "थर्मास उचला."

"का हो?"

"त्याच्याखाली बटण आहे. इथलं बोलणं हेडफोनमध्ये सोडणारं."

वहिनींनी मान वर केली. चार काचांमागून चार चेहरे त्यांच्याकडे बघत होते.

"बिजली!" डरकाळीचा आवाज फुटला. "तू माझ्यावर दया केलीस? तू?"

"अरे, एकच पट्टी केली रे!"

"एकच? मी काय एकाच पट्टीच्या दयेचा माणूस आहे?"

"मग किती करू? पण थांब," बिजलीच्या डोक्यात उजेड पडला, "मी एक उतरलो. मग हा मौनी दोन का उतरला?"

सगळे मौनीकडे वळले. मौनी छताकडे बघू लागला. मग त्यानं एक बोट सावकाश उचललं आणि डरकाळीकडे रोखलं.

"शपथ," तो म्हणाला.

आता वहिनींनी थर्मास बाजूला करून स्वतःच बटण दाबलं. "अहो! तुम्ही स्वतःच सांगितलंत?"

"ते... तुला कळू नये म्हणून!"

"आणि मी तुम्हाला कळू नये म्हणून त्यांना सांगत हिंडतेय!"

"चाललंच आहे तर मीही सांगून टाकतो," डॉक्टरनं काड्या खाली ठेवल्या. "लय मी पाडतोय. कवळीसाठी."

"कवळी?" बिजली किंचाळला.

"खालची," डॉक्टरनं खुलासा केला.

"अरे गाढवा, पेशंटच्या गोष्टी गुप्त ठेवायच्या असतात!" डरकाळी लालबुंद झाला. "बास! मला कुणाची मेहेरबानी नको! सगळे मूळ पट्टीत या. आत्ताच्या आत्ता! डॉक्टर, लय वाढव. माझे सगळे दात पडले तरी चालतील!"

आणि मग जे गाणं उसळलं म्हणता! बिजलीची गिटार करवतीसारखी चालली, डॉक्टर ड्रमवर तुटून पडला, डरकाळीच्या एकेका नाहीबरोबर रेकॉर्डिंगवाले खुर्चीसकट मागे सरकत गेले. बसणार नाही! सोडणार नाही! वहिनी उभ्याच राहिल्या. आला, शेवटचा सूर आला. वर गेला, अजून वर गेला...

आणि फाटला. टर्रकन.

सगळं थांबलं.

"कवळी जागेवर आहे ना?" डॉक्टरनं हळूच विचारलं.

डरकाळीनं मान हलवली. हेडफोन काढून गळ्यात घातले. "फाटला ना?"

"छे छे!" बिजली म्हणाला. "किंचित... तो माइकच जरा..."

"हवा कोंदट आहे इथली," डॉक्टर म्हणाला.

डरकाळीनं मौनीकडे पाहिलं.

"फाटला," मौनी म्हणाला.

वहिनींनी श्वास रोखून धरला.

"पुष्कळ?"

"पुष्कळ."

डरकाळी त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. वहिनींना वाटलं, आता हा रडणार. पण तो हसत होता! पोट धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. "लेको! इतके दिवस खोटं खोटं माना डोलवताय सगळे! मी पण, तुम्ही पण, बायको पण! एक खरं बोलणारा निघाला, तो पण समोरच्या बँडचा!" त्यानं डोळे पुसले. "सांग रे बाबा. किती खाली जायचं?"

मौनीनं दोन बोटं दाखवली.

मग ते चौघं काचेच्या कपाटांतून बाहेर आले आणि मधल्या मोकळ्या जागेत खुर्च्या ओढून बसले. चिमटे काढून ठेवले. मौनीनं सूर दिला, बिजलीनं त्याच्याकडे कान लावून तार पिळली, डरकाळीनं डोळे मिटून हुंकार भरला. किती दिवसांनी हे एकमेकांचं ऐकत होते कुणास ठाऊक!

आणि त्या खालच्या पट्टीत ती शेवटची नाही आली ना, ती ओरडून आलीच नाही. जिन्याखाली झोपलेल्या दांडग्या कुत्र्यानं एकच डोळा उघडावा आणि घशातल्या घशात गुरगुरावं, तशी आली. रेकॉर्डिंगवाल्यांनी पाय उचलून खुर्चीवर घेतले.

"बापरे," ते म्हणाले. "आधीच्याला मी एवढा घाबरलो नव्हतो."

वहिनींना आता झोप लागणार होती. नवरा परतीच्या वाटेवर सबंध रस्ता गुरगुरत होता.

गाणं बरं चाललं. एवढं चाललं की कंपनीनं स्टेजवर कार्यक्रम ठरवला. डरकाळीला तर आता वाटायला लागलंय, की खालच्या पट्टीची कल्पना मुळात त्याचीच. येईल त्या पाहुण्याला सांगतो, "वर ओरडणं पोरकटपणाचं! खरा राग खाली असतो." वहिनी चहा देतात आणि आत जातात.

असाच एक दिवस. वहिनी भांडी घासत होत्या आणि ओट्यावरचा फोन वाजला.

"अहो, माझे हात साबणाचे आहेत. जरा बटण दाबा ना, स्पीकरवर टाका."

डरकाळीनं बटण दाबलं.

"वहिनी," बिजलीचा कुजबुजता आवाज स्वयंपाकघरभर पसरला, "गाण्याच्या मधे माझ्या गिटारीची ती धाव आहे ना, ती रेकॉर्डिंगला तुकड्या-तुकड्यानं वाजवली होती मी. स्टेजवर एका दमात बोटं नाही चालायची हो आता. डॉक्टरला सांगाल का, तेवढ्यापुरतं हळू घे म्हणून? पण डरकाळीला कळता कामा नये!"

वहिनींनी डोळे घट्ट मिटले. उघडले तेव्हा समोर नवऱ्याचा चेहरा असा फुलला होता की त्यांनी लग्नातसुद्धा तसा पाहिला नव्हता. तो तोंडावर बोट ठेवून 'हो म्हण, हो म्हण' अशा खुणा करत होता.

"बरं भावोजी," वहिनी म्हणाल्या. "बघते."

डरकाळी खुर्चीत मागे रेलला. पोटावर हात ठेवले. एक लांब, उदार सुस्कारा सोडला.

"बिचारा! वय झालं गं त्याचं. आपणच सांभाळून घ्यायला हवं. डॉक्टरला मी हळूच सांगतो. पण बिजलीला यातलं काही कळता कामा नये हं!"

वहिनींनी साबणाचा हात उचलून फोनकडे दाखवला.

"कळलं, आजोबा!" फोन म्हणाला.